पंचविशीत रिटायरमेंटसाठी इक्विटी फंड: कुठल्या क्रमाने काय करायचं, आणि मार्केट पडलं की काय करायचं

माझी मावसबहीण नोकरीला लागून आठ महिने झाले तेव्हा तिने मला विचारलं, "दादा, रिटायरमेंटसाठी कुठला फंड घेऊ, एकच नाव सांग." मी नाव सांगितलं नाही, आधी तिलाच विचारलं की समज पुढच्या वर्षी त्या फंडातले पैसे अर्धे झालेले दिसले तर काय करशील? ती म्हणाली, "काढून घेईन ना लगेच, उरलेले तरी वाचतील." दहातले नऊ जण हेच उत्तर देतील आणि म्हणूनच मी हे जरा सविस्तर लिहायला घेतलंय. इक्विटी फंड, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणारा फंड, निवडणं हे एका संध्याकाळचं काम आहे, अवघड आहे ते पुढची पस्तीस वर्षं तो फंड मोडायचा नाही हे, आणि त्याची तयारी पैसे भरायला लागण्याच्या आधी करावी लागते, मार्केट पडायला लागल्यावर नाही.

आधी थोडे आकडे बघू, कारण आकडे नीट डोक्यात बसले की बाकीचं आपोआप पटतं.

समजा तुम्ही २५ व्या वर्षापासून ६० पर्यंत महिन्याला १०,००० टाकताय, चलन कुठलंही धरा, आणि वर्षाला १० टक्क्यांनी वाढतायत (हिशोब दर महिन्याच्या चक्रवाढीने). एकूण भरले ४२ लाख, हातात येतात साधारण ३ कोटी ८० लाख. आता तेच १०,००० तुम्ही ३५ व्या वर्षी सुरू केले तर भरले ३० लाख आणि हातात येतात १ कोटी ३३ लाखाच्या आसपास. म्हणजे भरण्यातला फरक फक्त १२ लाखांचा आणि मिळण्यातला फरक जवळजवळ अडीच कोटींचा. हे असं होतं कारण पहिल्या दहा वर्षांत टाकलेल्या पैशाला सगळ्यात जास्त वेळा दुप्पट व्हायला मिळतं, ७२ ला परताव्याच्या टक्क्यांनी भागा, किती वर्षांत दुप्पट होतात ते कळतं, १० टक्क्यांनी साधारण सव्वासात वर्षं. पंचविशीत टाकलेला पैसा साठीपर्यंत जवळपास पाच वेळा दुप्पट होतो, पस्तिशीत टाकलेला साडेतीन वेळा.

हा १० टक्के आकडा मी कुठून आणला? अमेरिकन शेअर बाजाराने १९२६ पासून डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते ते पैसे) धरून वर्षाला सरासरी साधारण एवढे दिलेत. पण पुढे तेवढेच मिळतील असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि सांगणाऱ्यापासून लांब राहा. ७ टक्केच मिळाले तर वरचे ३ कोटी ८० लाख १ कोटी ८० लाख होतात, हेही गणित करून ठेवा. आणि सरासरी म्हणजे दरवर्षी तेवढे मिळतात असं अजिबात नाही, तिथल्या एसअँडपी ५०० इंडेक्सने, म्हणजे साधारण ५०० मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या निर्देशांकाने, २००८ मध्ये उणे ३७ टक्के दिले, २००९ मध्ये अधिक २६, २०१३ मध्ये अधिक ३२, २०२२ मध्ये उणे १८. सरासरीच्या जवळ जाणारं वर्ष क्वचितच येतं.

आता दुसरा आकडा, जो फंड विकणारे सहसा दाखवत नाहीत. महागाई. वर्षाला ५ टक्के धरली तर ३५ वर्षांत सगळं साडेपाच पट महाग होतं, म्हणजे त्या ३ कोटी ८० लाखांची आजची किंमत फक्त ६९ लाख. हे वाचून निराश होऊ नका, यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे, दरवर्षी पगार वाढला की एसआयपीची, म्हणजे दर महिन्याला फंडात भरायच्या ठरावीक हप्त्याची, रक्कमही वाढवायची. दरवर्षी फक्त ५ टक्क्यांनी वाढवली, म्हणजे पहिल्या वर्षी १०,०००, दुसऱ्या वर्षी १०,५००, असं करत गेलात तर शेवटी सव्वासहा कोटींच्या जवळ जाता, आजच्या किमतीत १ कोटी १३ लाख. ही एवढीशी वाढ कुठलाही भारी फंड शोधण्यापेक्षा जास्त काम करते आणि ती पूर्णपणे आपल्या हातात असते.

किती जमवायचे याचा अंदाज हवा असेल तर विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये जुन्या आकड्यांवरून काढलेला एक ठोकताळा आहे. रिटायर झाल्यावर पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेच्या ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायचे, अशाने पैसे ३० वर्षं पुरले होते. उलटं करून बघितलं तर वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवायचे. हा अमेरिकेच्या इतिहासावरचा हिशोब आहे, प्रत्येक देशाला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण पंचविशीत आपल्याला दिशा हवी असते, शेवटच्या आकड्यापर्यंत अचूकपणा नकोय, त्यासाठी पुरेसा आहे.

एसआयपी लावायच्या आधी

तीन गोष्टी, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती संपवा, पूर्ण. त्यावरचं व्याज कुठलाही फंड भरून काढू शकत नाही आणि ते व्याज शंभर टक्के नक्की असतं, फंडाचा परतावा नसतो. मग तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा ठेवीत बाजूला ठेवा. लोक याला कंटाळतात, "पैसे नुसते पडून आहेत" म्हणतात, पण हे पडून असलेले पैसेच तुमच्या रिटायरमेंट फंडाचं रक्षण करतात, कारण नोकऱ्या जातात त्याच काळात ज्या काळात मार्केट पडलेलं असतं, आणि त्या वेळी घरभाड्यासाठी फंड विकायला लागला तर अर्ध्या किमतीला विकला जातो. तिसरं, तुमची कंपनी रिटायरमेंट खात्यात स्वतःचा वाटा घालत असेल तर तो पूर्ण मिळेल एवढे पैसे तिथे आधी भरा. तुम्ही १०० टाकले आणि कंपनीने ५० टाकले तर पहिल्याच दिवशी ५० टक्के वाढ झाली, असं दुसरीकडे कुठेही होत नाही. आणि हे सोडून देणारे लोक मी खूप बघितलेत, एक फॉर्म भरायचा राहिला म्हणून वर्षानुवर्षं.

कोणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे गुंतवणूक नसलेला नुसता विमा, वेगळा घ्या. वेगळा हा शब्द मुद्दाम वापरतोय. मी २३ वर्षांचा असताना एका ओळखीच्या माणसाने मला विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली एक पॉलिसी गळ्यात मारली, "रिटायरमेंटचं टेन्शनच नाही" असं म्हणून. सहा वर्षं हप्ते भरले आणि मग एका रविवारी बसून सगळ्या पावत्यांची बेरीज केली, तर सरेंडर करून मिळणारी रक्कम मी भरलेल्यापेक्षाही कमी होती. पहिल्या वर्षांच्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशन आणि चार्जेसमध्ये गेला होता आणि विम्याचं कव्हर इतकं कमी की माझ्या माघारी घरच्यांना वर्षभरही पुरलं नसतं. पैशांपेक्षा अजून मनाला लागतात ती वाया गेलेली सहा वर्षं, पैसे परत कमावता येतात.

कुठल्या खात्यातून गुंतवायचं हे देशादेशात वेगळं असतं, पण बहुतेक ठिकाणी रिटायरमेंटसाठी टॅक्सची सवलत असलेलं एखादं खातं असतंच. सवलतीच्या बदल्यात पैसे बरीच वर्षं अडकतात. पंचविशीत ते अडकणं मला तरी फायद्याचंच वाटतं, पण सगळेच अडकवू नका, घर, शिक्षण, लग्न यासाठीचे पैसे वेगळे ठेवा. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा इक्विटी फंडात नको, याला अपवाद नाही.

फंड

शेअर फंड म्हणजे हजारो लोकांचे पैसे एकत्र करून अनेक कंपन्यांचे शेअर घेतलेली एक पेटी, एवढंच. ती पेटी दोन प्रकारे भरली जाते. एकात मॅनेजर आणि त्याची टीम ठरवते की कुठले शेअर घ्यायचे आणि कधी विकायचे. दुसऱ्यात कुणी काही ठरवत नाही, इंडेक्समध्ये ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत त्या त्याच प्रमाणात घेतल्या जातात, मोठी कंपनी जास्त, छोटी कमी, एखादी घसरून बाहेर पडली की तिच्या जागी दुसरी येते. हा झाला इंडेक्स फंड.

सामान्य माणसाला घेता येईल असा पहिला इंडेक्स फंड अमेरिकेत १९७६ मध्ये जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड या फंड कंपनीत सुरू केला. १५ कोटी डॉलर जमवायचे ठरवले होते, जमले १ कोटी १३ लाखाच्या आसपास, आणि लोक त्याला बोगल यांचा वेडेपणा म्हणायचे, नुसती सरासरी कुणाला हवीये असा सगळ्यांचा सूर. पण बोगल यांचं गणित साधं होतं. सगळे गुंतवणूकदार मिळून म्हणजेच मार्केट, त्यामुळे सगळ्यांचा मिळून परतावा मार्केटएवढाच असणार, आणि त्यातून खर्च वजा झाला की जो जास्त खर्च करतो तो एकूणात मागेच पडणार. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी नंतर यावर जाहीर पैज लावली, २००८ ते २०१७ अशी दहा वर्षं, एका बाजूला एसअँडपी ५०० चा साधा इंडेक्स फंड आणि दुसऱ्या बाजूला समोरच्यांनी निवडलेले हेज फंडांचे (श्रीमंतांसाठीचे, भरपूर फी घेणारे फंड) पाच संच. सुरुवातच २००८ च्या पडझडीने झाली आणि पहिल्या वर्षी इंडेक्स फंड मागे होता. दहा वर्षांनी इंडेक्स फंड वर्षाला साधारण ७ टक्क्यांनी वाढलेला आणि समोरचे सरासरी २ टक्क्यांच्या थोडं वर.

चांगले मॅनेजर नसतातच असं मी म्हणत नाहीये. पण पुढच्या पस्तीस वर्षांत कोण चांगला ठरेल हे आज ओळखायचं, आणि तो माणूस मधेच नोकरी सोडून गेला किंवा स्वतः रिटायर झाला तर परत नवीन शोधायचा, हे आपल्या कामाचं नाही.

खर्च कुठे बघायचा ते सांगतो. फंडाची दोन पानी फॅक्टशीट असते, त्यात एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा वर्षाचा खर्च, नावाची एक ओळ शोधा. हा टक्का वेगळा कापलेला दिसत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच, थोडा थोडा जातो, त्यामुळे कुणाला टोचत नाही. पण वरच्याच उदाहरणात १० टक्क्यांऐवजी १ टक्का खर्चात जाऊन ९ टक्के मिळाले तर ३ कोटी ८० लाखांचे होतात २ कोटी ९४ लाख. नुसता १ टक्का, आणि ८५ लाख गेले, म्हणजे तुम्ही पस्तीस वर्षांत भरलेल्या एकूण पैशाच्या दुप्पट! एजंटमार्फत घेतलेल्या फंडात त्याचं कमिशन याच खर्चात धरलेलं असतं, थेट फंडाकडून घेता येत असेल तर घ्या, आणि सल्ला हवा असेल तर ठरलेली फी घेणाऱ्या माणसाकडून एकदा विकत घ्या, तो शेवटी खूप स्वस्त पडतो.

इंडेक्स फंड घेताना आणखी एक ओळ बघायची, ट्रॅकिंग डिफरन्स. इंडेक्सने १२ दिले आणि फंडाने ११.७ तर ०.३ कुठेतरी गळले. एकाच इंडेक्सचे दोन फंड असतील तर ज्याची ही गळती वर्षानुवर्षं कमी आहे तो घ्या, मागच्या वर्षीचा परतावा बघत बसू नका. आणि डिव्हिडंड हातात देणारा पर्याय घेऊ नका, ग्रोथवाला घ्या, म्हणजे डिव्हिडंड आतल्या आतच परत गुंतवला जातो. पंचविशीत तो तुमच्या खात्यात आला तर खर्चच होणार.

किती फंड? एक किंवा दोन, फार तर तीन. माझ्या बहिणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं स्टेटमेंट मी एकदा बघितलं, तिच्याकडे चौदा फंड होते आणि ती खूश होती की पैसे सगळीकडे विभागलेत. मी प्रत्येक फंडाच्या टॉप टेन होल्डिंग्ज, म्हणजे सगळ्यात जास्त पैसे लावलेल्या दहा कंपन्या, एका कागदावर लिहून काढायला सांगितलं. सहाव्या फंडापर्यंत आल्यावर ती थांबली, कारण तीच सात-आठ नावं प्रत्येक यादीत खालीवर होऊन येत होती. चौदा फंड म्हणजे चौदा ठिकाणचा खर्च आणि चौदा स्टेटमेंट, आत कंपन्या त्याच.

पण एकाच देशात सगळं ठेवू नका, हे मी ठासून सांगेन. जपानचा निक्केई इंडेक्स २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला होता आणि तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. चौतीस वर्षं, म्हणजे एखाद्याची अख्खी नोकरी. दर महिन्याला घेत राहिलेल्याला आणि डिव्हिडंड परत गुंतवणाऱ्याला एवढा फटका बसला नाही हे खरं आहे, पण ते लोकही आपल्यासारखेच होते, त्यांनाही आपला देश जोरात चाललाय असंच वाटत होतं. म्हणून एक मोठा हिस्सा जगभरच्या शेअरमध्ये असू द्या, जिथे मिळेल तिथे आख्ख्या जगाचा इंडेक्स फंड सगळ्यात सोपा. फक्त नावावर जाऊ नका, एमएससीआय वर्ल्ड नावाच्या इंडेक्समध्ये फक्त २३ विकसित देश आहेत, भारत, चीन, ब्राझीलसारखे देश त्यात नाहीतच, ते हवे असतील तर एमएससीआय एसीडब्ल्यूआय बघायचा.

क्रिप्टो, एखाद्या सेक्टरचा फंड, ऑफिसमधल्या कुणीतरी दिलेली टिप, हे रिटायरमेंटच्या पैशात नको. करायचंच असेल तर वेगळ्या खात्यात, गेले तरी झोप उडणार नाही एवढ्याच पैशांनी.

इक्विटी किती आणि बाँड (सरकारला किंवा कंपनीला ठरलेल्या व्याजाने दिलेलं कर्ज) किती हा प्रश्न लोक फार ताणतात. पंचविशीत ८० ते ९० टक्के इक्विटी आणि बाकी बाँड किंवा ठेवी ठीक आहे. ज्याला चढउतार सहन होतात त्याने ९०, ज्याचा जीव घाबरा होतो त्याने ७० सुद्धा चालेल, कारण ७० टक्क्यांवर पस्तीस वर्षं टिकलेला माणूस ९५ टक्क्यांवर जाऊन तिसऱ्या वर्षी पळालेल्या माणसाच्या खूप पुढे असतो. हे सगळं बघायचा कंटाळा असेल तर टार्गेट डेट फंड मिळतात, नावातच रिटायरमेंटचं वर्ष असतं आणि जसजसं ते वर्ष जवळ येतं तसतशी इक्विटी आपोआप कमी होत जाते. खर्च तेवढा बघून घ्या.

एसआयपीची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा, महिनाअखेरची नको, महिनाअखेरीला कुणाकडेच काही उरत नाही. आणि ऑटोमॅटिक ठेवा, दर महिन्याला आपण हाताने भरायचं ठेवलं की दर महिन्याला "आत्ता मार्केट वर आहे, थोडं थांबू" असा विचार येतो, आणि तो थोडा वेळ कधी संपत नाही.

आता पडझड

हा भाग दोनदा वाचा.

तुमच्या नोकरीच्या काळात मार्केट २० टक्क्यांहून जास्त बऱ्याच वेळा पडेल आणि एकदोनदा तरी अर्ध्यावर येईल असं धरूनच चाला. एसअँडपी ५०० ऑक्टोबर २००७ पासून मार्च २००९ पर्यंत ५७ टक्के पडला आणि जुन्या उंचीवर यायला २०१३ चा मार्च उजाडला. २०२० मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या जेमतेम पाच आठवड्यांत ३४ टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये परत वर. म्हणजे एकदा साडेपाच वर्षं, एकदा सहा महिने, आणि पडत असताना यातलं कुठलं चाललंय हे कुणालाच कळत नाही, टीव्हीवर बोलणाऱ्यांनाही नाही.

मार्च २०२० ची एक रात्र मला अजून आठवते. लॉकडाऊन, ऑफिसमधून पगारकपातीचा मेल आलेला, आणि मी अंधारात मोबाईलवर अॅप उघडून बसलेलो. सात वर्षांत जमलेल्या पैशातले जवळजवळ एक तृतीयांश गेलेले दिसत होते, आकडा लाल, आणि खाली रिडीमचं, म्हणजे विकून पैसे काढायचं, बटण. अंगठा त्या बटणावर होता. त्या वेळी डोकं चालत नाही, पोटात गोळा येतो आणि असं वाटतं की सगळे शहाणे लोक बाहेर पडलेत आणि आपणच आत अडकलोय. मी विकलं नाही, पण मी फार धीराचा आहे म्हणून नाही. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका कागदावर चार ओळी लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या, बायको म्हणाली, "ते वाच आधी आणि मग काय करायचं ते कर." त्या ओळी अशा होत्या.

हे पैसे मला २०४८ च्या आधी लागणार नाहीत.
मार्केट ५० टक्के पडू शकतं, हे मला पैसे भरतानाच माहीत होतं.
पडलं तर मी एसआयपी चालू ठेवीन, विकणार नाही.
विकावंसं वाटलं तर ३० दिवस थांबेन आणि आधी घरात बोलेन.

मी फोन ठेवला आणि झोपायचा प्रयत्न केला. एसआयपी चालू राहिली, आणि त्या मार्च-एप्रिलमध्ये घेतलेली युनिट्स माझ्या खात्यातल्या सगळ्यात स्वस्त युनिट्सपैकी आहेत.

तुम्ही स्वतःच्या शब्दांत असा कागद लिहा, आज, मार्केट शांत असताना, आणि घरातल्या एका माणसाला तो वाचून दाखवा. मोबाईलमध्ये नोट करून ठेवू नका, कारण घाबरल्यावर आपण मोबाईलमध्ये भलतंच काहीतरी उघडतो. कागद हवा, डोळ्यासमोर येईल असा.

पंचविशीत मार्केट पडणं तुमच्या फायद्याचं का असतं तेही समजून घ्या, नुसता धीर देण्यासाठी सांगत नाहीये. तुम्ही पुढची तीस वर्षं विकत घेणारे आहात. एनएव्ही १०० वरून ५० वर आली की १०,००० मध्ये १०० ऐवजी २०० युनिट्स येतात. आतापर्यंत जमलेत ते समजा दोन लाख आहेत, त्यातले एक लाख कागदावर कमी झाले, पण अजून चाळीसेक लाख भरायचे आहेत आणि त्यातले काही स्वस्तात लागणार आहेत. साठीच्या माणसाचं गणित बरोबर उलटं असतं, त्याचे भरून झालेले असतात. त्यामुळे बातम्यांमध्ये जो घाबरा सूर असतो तो बऱ्याचदा त्यांच्यासाठी खरा असतो, तुमच्यासाठी नसतो.

पडलं की काढायचं आणि सावरलं की परत घालायचं, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. यात दोनदा बरोबर यावं लागतं, बाहेर पडताना आणि आत येताना, आणि मार्केटचे सगळ्यात मोठ्या वाढीचे दिवस बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या पडझडीच्या आजूबाजूलाच येतात, म्हणजे जो घाबरून बाहेर बसलाय त्याचे नेमके तेच दिवस हुकतात. शिवाय २००९ मध्ये काढलेले पैसे परत कधी घालायचे हे न ठरल्यामुळे पुढे कितीतरी वर्षं बचत खात्यातच राहिलेले लोक मी स्वतः बघितलेत.

अॅप फोनच्या पहिल्या पानावरून काढून टाका. रोज बघितलं तर जवळजवळ निम्मे दिवस लाल दिसतं, वर्षातून एकदा बघितलं तर खूप कमी वेळा. फंड तोच, त्रास वेगळा.

वर्षातून एक दिवस

वर्षातला एक दिवस ठरवा, वाढदिवस नको, पगारवाढीनंतरचा पहिला रविवार बरा. त्या दिवशी एसआयपीची रक्कम वाढवायची. इक्विटी ठरवलेल्या प्रमाणापेक्षा पाच-दहा टक्क्यांनी वरखाली गेली असेल तर नवीन पैसे ज्या बाजूला कमी आहेत तिकडे वळवून प्रमाण जागेवर आणायचं, विकायची गरज शक्यतो पडू देऊ नका, टॅक्स लागू शकतो. खर्चाचा टक्का फंडाने वाढवलाय का ते बघायचं. नॉमिनी बरोबर आहे का ते बघायचं, लग्न झाल्यावर हे बदलायचं हमखास राहतं. अर्ध्या तासाचं काम आहे.

नोकरी बदलली की जुन्या कंपनीच्या रिटायरमेंट खात्यातले पैसे काढून घेऊ नका, नवीन खात्यात ट्रान्सफर करा. रक्कम छोटी असते म्हणून लोक काढून फोन घेतात किंवा फिरून येतात. पण १० टक्क्यांनी धरलं तर पंचविशीतले १ लाख साठीला तीस लाखांच्या आसपास होतात, तो फॉर्म भरताना हे लक्षात ठेवा.

पन्नाशी ओलांडली की वेगळा विचार सुरू करायचा. रिटायर होण्याच्या आधीची पाच-सात आणि नंतरची पाच-सात वर्षं सगळ्यात नाजूक, कारण तेव्हा जमलेले पैसे सगळ्यात जास्त असतात आणि त्याच वेळी मार्केट पडलं, वर आपण खर्चासाठी काढायलाही लागलो, तर ते नंतर वर आलं तरी आपल्याकडे वर यायला युनिट्सच कमी उरलेली असतात. म्हणून तोपर्यंत इक्विटी हळूहळू कमी करत आणायची, एका दिवसात नाही, आणि पहिल्या काही वर्षांचा खर्च बाँड आणि ठेवींमध्ये तयार ठेवायचा. आत्ता पंचविशीत यासाठी काही करायचं नाहीये, फक्त पुढे हे वळण आहे एवढं माहीत असू द्या.

मावसबहिणीने शेवटी एकच फंड घेतला, जगभरचा इंडेक्स, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची तारीख, महिन्याला पगाराच्या बारा टक्के. कागद मात्र तिने स्वतः लिहिला आणि माझ्यापेक्षा चांगला लिहिला, शेवटच्या ओळीत तिने "दादाला फोन करीन" असं टाकलंय आणि खाली खाते क्रमांक, फंडाचं नाव आणि नॉमिनी, म्हणजे तिला काही झालं तर आईला शोधत बसायला लागू नये. माझ्या कागदावर हे नव्हतं, त्याच दिवशी घरी येऊन लिहिलं.